‘केल्टिक’ नावाचा एक तास

लोकसंगीताच्या अभ्यासात संग्राहकाला मान असतो, संपादकाला असतो, आणि गायकालाही असतो, निदान त्याच्या मृत्यूनंतर. रेडिओवरील निवेदकाला मात्र कोणी अभ्यासक मानीत नाही. दोन गाण्यांमधली रिकामी जागा भरणारा मनुष्य, एवढीच त्याची गणना. ही समजूत आम्हांला मान्य नाही. आमचे म्हणणे असे की, दीर्घकाळ चाललेला संगीताचा कार्यक्रम हा एक संपादित संग्रहच असतो आणि त्यातील निवेदन ही त्याची प्रस्तावना व टीपा. याला ‘द थिसल अँड शॅमरॉक’ या अमेरिकन रेडिओवरील कार्यक्रमासारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

फिओना रिची या मूळच्या स्कॉटलंडच्या. विद्यापीठाच्या निमित्ताने त्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील शार्लट येथे आल्या आणि १९८१ मध्ये तेथील एका नव्या सार्वजनिक रेडिओ केंद्रावर त्यांनी हा कार्यक्रम सुरू केला. १९८३ पासून तो नॅशनल पब्लिक रेडिओमार्फत देशभर ऐकू जाऊ लागला. आठवड्याला एक तास, आणि असा क्रम चाळीस वर्षांहून अधिक काळ. पुढे रिची स्कॉटलंडला परतल्या, पण कार्यक्रम थांबला नाही. तो तेथे तयार होऊन अमेरिकेत वाजू लागला. बहुतेक वेळा एखादा विषय धरून तो तास गुंफलेला असे.

थिसल हे काटेरी जांभळे फूल स्कॉटलंडचे चिन्ह, आणि शॅमरॉक ही तिपानी आयर्लंडची. म्हणजे शीर्षकात दोनच देश आहेत. वेल्स, ब्रिटनी यांना तेथे जागा नाही. प्रत्यक्ष कार्यक्रमात मात्र त्यांचेही संगीत येई. या सर्वांना एकत्र बांधणारा शब्द कोणता? ‘केल्टिक’. साहित्याच्या विद्यार्थ्याने थांबावे ते येथे, कारण हा शब्द संगीताचा नव्हेच. तो भाषाशास्त्राने घडविला आणि समीक्षेने बिघडविला.

एडवर्ड लुइड या वेल्श विद्वानाने १७०७ मध्ये आयरिश, वेल्श, कॉर्निश, ब्रेटन या भाषांचे नाते दाखवून दिले. तेथपर्यंत सारे ठीक होते. दीडशे वर्षांनी एर्नेस्ट रेनान आणि त्यांच्यामागून मॅथ्यू अर्नोल्ड यांनी भाषांच्या या कुळाला एक स्वभाव बहाल केला : हळवा, उदास, निसर्गाच्या जादूत रमणारा, व्यवहारात कच्चा. अर्नोल्ड यांचे केल्टिक साहित्यावरील पुस्तक १८६७ चे. ज्या भाषांच्या काव्याबद्दल ते इतक्या अधिकाराने बोलत होते, त्या त्यांना येत नव्हत्या. शिवाय व्यवहाराची भाषा म्हणून वेल्श लवकर नाहीशी झालेली बरी, असेही त्यांचे मत होते. काव्य ठेवावे आणि बोलणारे विसरावेत, अशी ही रसिकता. विसाव्या शतकाच्या अखेरीस ध्वनिमुद्रिकांच्या दुकानात ‘केल्टिक’ नावाचा कप्पा दिसू लागला आणि धुक्यातले दगडी किल्ले मुखपृष्ठांवर आले, तेव्हा त्यामागे अर्नोल्डच उभे होते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

याहून मोठी अडचण पुढे आहे. स्कॉटलंडच्या सखल प्रदेशातील कथागीते, म्हणजे ज्यांना इंग्रजीत बॅलड म्हणतात ती, स्कॉट्स भाषेत आहेत. आणि स्कॉट्स ही इंग्रजीची बहीण, गेलिकची नव्हे. भाषाशास्त्राचा काटेकोर निकष लावला तर ही गीते ‘केल्टिक’ ठरतच नाहीत. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात ३०५ कथागीतांचा जो महासंग्रह छापला, त्याच्या शीर्षकात ‘इंग्लिश आणि स्कॉटिश’ असे शब्द आहेत. १९१६ ते १९१८ मध्ये सेसिल शार्प आणि मॉड कार्पेलेस ॲपलाचियाच्या डोंगरांत हिंडून गाणी टिपीत होते. नॉर्थ कॅरोलायनाच्या मॅडिसन परगण्यातही ते गेले. तेथे त्यांना याच कुळातील गाणी भेटली, पण त्यांच्या पुस्तकाच्या नावात ती केवळ ‘इंग्लिश’ झाली. शार्प इंग्लंडचा वारसा शोधीत होते. त्याच डोंगरांत वाजणाऱ्या, आफ्रिकेतून आलेल्या लोकांनी घडविलेल्या बँजोत त्यांना रस नव्हता. मग त्याच राज्यातील एका रेडिओ केंद्रावरून १९८१ मध्ये ही परंपरा नव्याने ऐकू आली ती ‘केल्टिक’ या नावाखाली. गाण्यांचे एकच कुळ, आणि शंभर वर्षांत त्याच्या कपाळावर तीन नावे!

शुद्धतावादी म्हणतील, मग हा कार्यक्रम त्याच घोटाळ्याचा एक भाग नव्हे काय? काही प्रमाणात, होय. पण कप्प्याला पाटी असते, निवेदन नसते. रेडिओच्या तासाला ते असते, आणि तेथेच पाटी दुरुस्त होऊ शकते. ही धून कोणत्या भागातली, गाणारी कोठली, गाणे समुद्रापलीकडे कसे गेले, हे कोणी शांत आवाजात सांगू लागले की ‘केल्टिक’ हा शब्द हळूहळू सैल होतो आणि त्याच्या जागी गावे व माणसे येतात. कुंपण म्हणून तो शब्द खोटा आहे. दार म्हणून त्याने काम केले. रिची आणि डग ऑर यांनी २०१४ मध्ये ‘वेफेअरिंग स्ट्रेंजर्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात स्कॉटलंडहून अल्स्टरला आणि अल्स्टरहून ॲपलाचियाला गेलेल्या गाण्यांचा प्रवास आहे. तो वाचताना, तीस वर्षे कानावर पडणारे निवेदन अखेर कागदावर उतरले, असे वाटल्यावाचून राहत नाही.

या परंपरेत रिची एकट्या नाहीत. आयर्लंडमध्ये किअरन मॅक महूना १९५४ साली तेथील राष्ट्रीय रेडिओत आले आणि मुद्रणाची गाडी घेऊन खेड्यांतल्या स्वयंपाकघरांत जाऊन बसले. त्यांचा ‘मो खोल हू’ हा रविवार सकाळचा कार्यक्रम १९७० पासून २००५ पर्यंत चालला; संगीताच्या शेजारी त्यात कविताही वाचल्या जात. क्लेअर परगण्यातील वादकांना देशभर श्रोते मिळाले ते बहुतांशी अशा ध्वनिमुद्रणांमुळे. प्रसारणाने प्रादेशिक ढंग पुसले जातात ही तक्रार निराधार नाही. न्यू यॉर्कला गेलेल्या मायकल कोलमन यांच्या १९२० च्या दशकातील तबकड्या आयर्लंडात परतल्या आणि ठिकठिकाणचे फिडलवादक आपला ढंग सोडून स्लायगोचा ढंग उचलू लागले. पण तबकडी मुकी असते. हा एका परगण्याचा ढंग आहे, दुसऱ्यांचे वेगळे आहेत, हे सांगणारा आवाज तिच्यासोबत येत नाही. मॅक महूना यांनी तो दिला, म्हणून त्यांचे काम आम्हांला अधिक मोलाचे वाटते.

आज मोबाइलवर याच धूनी हव्या तितक्या मिळतात. शोधा ‘केल्टिक’, की मन शांत करणारी, झोप आणणारी, अभ्यासाला पोषक अशी यादी तयार. अर्नोल्ड यांचा हळवा केल्ट परत आला आहे, आणि या वेळी त्याला थोपविणारा निवेदकही नाही. गायिकेचे नाव असते. तिने ते गाणे कोणाकडून घेतले ते नसते. मौखिक परंपरेत हा तपशील किरकोळ नाही. गाणाऱ्यांच्या साखळीतील एक कडी त्यात असते.

चाइल्ड यांच्या संग्रहातील टीपांवर प्रबंध होतात. चाळीस वर्षांच्या रेडिओ निवेदनाची साधी लिखित प्रत मात्र वर्गात कोणाच्या हाती पडत नाही. आमची सूचना लहान आहे. कथागीत शिकविणाऱ्या अध्यापकांनी एका सत्रात विद्यार्थ्यांना छापील संहितेऐवजी अशा कार्यक्रमाचा एक तास ऐकवावा, आणि गाणी वगळून केवळ निवेदन शब्दशः उतरवून आणायला सांगावे. मग चाइल्ड यांची टीप, शार्प यांची नोंद आणि हे निवेदन शेजारी शेजारी ठेवून एकच प्रश्न विचारावा : हे गाणे कोणाकडून आले, असे यांतल्या प्रत्येकाने सांगितले आहे?