विश्लेषण : बेळ्ळंदूरचे दुखणे तलावाबाहेर

बंगळुरू : मे २०१५, फेब्रुवारी २०१७ आणि जानेवारी २०१८. या तिन्ही वेळी येथील बेळ्ळंदूर तलावात आग लागल्याने देशभर आश्चर्य व्यक्त झाले. राष्ट्रीय हरित लवादाने या प्रकरणाची दखल घेतली आणि डिसेंबर २०१८ मध्ये तलावांच्या पुनरुज्जीवनासाठी ५०० कोटी रुपये स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे आदेश कर्नाटक सरकारला दिले. पुढे २०२० पासून बेळ्ळंदूर व वर्तूर तलावांतील गाळ काढण्याचे काम बंगळुरू विकास प्राधिकरणाने हाती घेतले. मात्र मूळ प्रश्न गाळाचा नसून सांडपाण्याचा आहे.

सुमारे ९०० एकरांचा बेळ्ळंदूर हा शहरातील सर्वांत मोठा तलाव. पावसाचे पाणी वाहून नेणारे ओढे शहराच्या वाढीबरोबर सांडपाण्याचे नाले झाले. या पाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरसवर जलपर्णी फोफावते. ती कुजली की पाण्यातील प्राणवायू घटतो आणि फॉस्फरस तळाच्या गाळात साचतो. धुण्याच्या पावडरीतील फेसकारक द्रव्ये सांडव्यावरून कोसळताना घुसळली जातात आणि फेसाचे डोंगर उभे राहतात. पूर्व आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरालाही १९९० च्या दशकात जलपर्णीने ग्रासले होते. तेथे भुंग्यांच्या साह्याने तिला आवर घातला गेला. परंतु पोषकद्रव्यांचा ओघ सुरूच राहिल्याने ती पुन्हा डोके वर काढत राहिली.

बेळ्ळंदूरचे पाणी वर्तूरमार्गे दक्षिण पिनाकिनी नदीत आणि तेथून तमिळनाडूत जाते. होसूरजवळील केलवरपल्ली धरणातही फेस दिसतो, तो याच नदीत मिसळणाऱ्या प्रदूषणामुळे. त्यामुळे हा प्रश्न एका शहरापुरता मर्यादित राहत नाही. शिवाय याच खोऱ्यातील प्रक्रिया केलेले सांडपाणी २०१८ पासून दुष्काळी कोलार जिल्ह्यातील तलावांत सोडले जात असून, प्रक्रियेच्या दर्जावर तेथील भूजलाची शुद्धता अवलंबून आहे.

उपाय शहरातच उपलब्ध आहे. जक्कूर तलावात सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडल्यावर पाणथळ वनस्पतींच्या पट्ट्यातून जाते व नंतरच तलावात पोहोचते. बेळ्ळंदूरला येणारे सांडपाणी त्याहून कितीतरी अधिक असल्याने तेथे प्रत्येक नाल्यावर अशी व्यवस्था लागेल. पिण्याच्या पाण्यासाठी सुमारे १०० किलोमीटरवरील कावेरीवर विसंबून असलेल्या आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तीव्र टंचाई सोसलेल्या शहराला हा खर्च टाळणे परवडणारे नाही. प्रक्रियेविना येणारे नाले थांबले नाहीत, तर कोट्यवधी खर्चून उपसलेल्या तलावात पुन्हा गाळच साचेल.