नाकाची शस्त्रक्रिया आणि विचाराची मुदत

ज्या शस्त्रक्रियेवाचून कोणाचा प्राण अडत नाही, जी आज न केली, उद्या न केली, किंबहुना कधीच न केली तरी प्रकृतीला काडीइतकाही अपाय होत नाही, अशी शस्त्रक्रिया स्वखुशीने आणि पदरमोड करून करवून घेणाऱ्यांचा वर्ग आता मुंबई-पुण्यापुरता उरलेला नाही. नाकाचा उंचवटा उतरविणे, शेंडा रेखीव करणे, नाकपुड्यांची रुंदी आटोपशीर करणे हे एके काळी चित्रपटनट्यांविषयीच्या कुजबुजीचे विषय होते. आज ते जिल्ह्याच्या गावांतील दवाखान्यांच्या फलकांवर उघड लिहिलेले आढळतात, आणि उपवर मुलामुलींच्या घरी लग्नखर्चाच्या यादीत त्यांचीही एक बाब मांडली जाते. यावर बोलणाऱ्यांचे आपल्याकडे दोन पक्ष आहेत. परमेश्वराने दिलेल्या रूपात ढवळाढवळ करणे हा निव्वळ दंभ होय, असे म्हणून पहिला पक्ष विषय निकालात काढतो; तर सकाळी दाखल होऊन संध्याकाळी घरी परतण्याची ही किरकोळ बाब आहे, अशी ग्वाही दुसरा पक्ष देतो. या दोहोंच्या गदारोळात एक साधी गोष्ट नजरेआड होते. आजारी माणसाला नसलेला एक अधिकार निरोगी माणसाजवळ असतो, आणि तो म्हणजे थांबण्याचा अधिकार. नाकाची सौंदर्यशस्त्रक्रिया करावी की करू नये हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. परंतु या अधिकाराचा पुरता उपयोग केल्यावाचून ती कोणीही करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

नाकाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास महाराष्ट्राला परका नाही. छिन्न नासिकेच्या संधानाचा विधी सुश्रुतसंहितेत दिलेला आहे: नाकाच्या मापाचे पान कापून घ्यावे, त्या मापाची गालावरची त्वचा एका बाजूने जोडलेली ठेवून उचलावी, आणि श्वासाची वाट मोकळी राहावी म्हणून एरंडाच्या नळ्या बसवाव्यात. या विद्येचा एक प्रवाह अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या परिसरात जिवंत होता. 1792 च्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी टिपूच्या कैदेत सापडला आणि तेथे त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षाहून अधिक काळ त्याने तसाच काढला. त्यानंतर पुण्याजवळच्या एका वीट पाडणाऱ्या जातीच्या माणसाने त्याच्या कपाळावरील त्वचेचे नवे नाक त्याला बसवून दिले. मेणाच्या पातळ पत्र्याने माप घ्यायचे, भुवयांच्या मधली पट्टी न तोडता त्वचा खाली वळवायची, सांध्यावर काताचा लेप द्यायचा, आणि नवे नाक धरले म्हणजे सुमारे पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापायची, अशी ही रीत होती. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज वैद्यांनी ही क्रिया पाहिली, 1794 साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिचा वृत्तान्त छापून आला, आणि 1814 मध्ये जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने याच रीतीने लंडनमध्ये शस्त्रक्रिया केली. पाश्चात्त्य वैद्यकात या विद्येचे जे पुनरुज्जीवन झाले, त्यात पुण्याच्या त्या कारागिराचा वाटा असा निर्विवाद आहे.

मात्र या वारशाचा अभिमान बाळगताना एक भेद विसरता येत नाही. कावसजीला नाक नव्हते, ते दिले गेले. आजच्या तरुणाला नाक आहे, ते बदलले जाते. हे दुसरे वळण बर्लिनच्या जाक योझेफ यांनी 1898 मध्ये दिले. ज्याच्या नाकाच्या आकारामुळे लोक टक लावून पाहत आणि त्यामुळे जो समाजात मिसळणे टाळू लागला होता, अशा एका निरोगी गृहस्थाचे नाक त्यांनी लहान केले, आणि त्या गृहस्थाचे मन खरोखरच हलके झाले. हे समाधान खोटे मानण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. ज्याला नाकामुळे बालपणापासून हिणविले गेले, त्याला ‘सौंदर्य अंतरंगात असते’ असे सुभाषित ऐकविणे सोपे आणि निर्दयपणाचे आहे. तथापि ज्या नजरेला पटावे म्हणून नाक बदलायचे, ती नजर कोणाची आणि तिचे माप कोठून आले, हे विचारण्याचा हक्क त्या माणसालाही आहेच.

आपल्या देशात या मापाची पूर्वपीठिका फारशी गौरवास्पद नाही. 1901 च्या खानेसुमारीचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या रुंदीचे लांबीशी प्रमाण काढून, नाक जितके अरुंद तितकी जात वरची, असा सिद्धान्त मांडला होता. गो. स. घुर्ये यांनी 1932 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, हा सिद्धान्त उत्तरेकडील काही प्रदेश वगळता टिकत नाही, हे मोजमापांच्याच आधारे दाखविले, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1948 मधील ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात नाकाच्या त्याच मापांचा दाखला देऊन, अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात नाही, असे प्रतिपादन केले. शास्त्रातून तो सिद्धान्त हद्दपार झाला. आवडीनिवडीतून मात्र तो पुरता गेला नाही. चाफेकळी नाकाची प्रशंसा आणि ‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने’ ही म्हण आपल्या घरांत आजही एकाच तोंडून निघतात. म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारावयाचा तो हा, की ही इच्छा माझी आहे, की स्थळ पाहायला आलेल्या मंडळींची, की मावशीच्या एका शेऱ्याची. ज्या शस्त्रक्रियेची तारीख मुहूर्ताच्या तारखेवरून मागे मोजून ठरते, तिच्यात रुग्णाची इच्छा कितपत शिल्लक असते याची मला शंका आहे.

दुसरी फसवणूक हातातल्या यंत्राची असते. एका फुटावरून काढलेल्या छायाचित्रात नाकाचा तळ पाच फुटांवरून काढलेल्या छायाचित्रापेक्षा सुमारे तीस टक्के रुंद दिसतो, हे अमेरिकेतील संशोधकांनी 2018 मध्ये गणिताने दाखवून दिले. सेल्फीत जे नाक दिसते, ते समोर बसून बोलणाऱ्या कोणालाही दिसत नसते. शिवाय ज्यांना इतरांच्या लक्षातही न येणारे व्यंग दिवसाचे कित्येक तास छळत राहते, आरशापासून जे दूर होऊ शकत नाहीत किंवा आरसाच टाळतात, त्यांच्या व्यथेला वैद्यकात ‘बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर’ असे नाव आहे. तिच्यावर उपाय मानसोपचारतज्ज्ञाकडे आहे. शस्त्रक्रियेने तिचे समाधान बहुधा होत नाही, आणि एक नाक बदलून झाल्यावर दुसरा दोष सापडतो.

आता प्रत्यक्ष क्रियेकडे वळू. नाकाचा वरचा भाग हाडाचा आणि खालचा कूर्चेचा असतो. आत दोन नाकपुड्यांच्या मधला पडदा या सांगाड्याला आधार देतो. ‘नाकाचे हाड वाढले’ अशी जी तक्रार घरोघर ऐकू येते, तिच्या मुळाशी बहुधा हा पडदा वाकडा झालेला असतो, आणि तो सरळ करणे हा श्वासाचा उपचार आहे. सौंदर्यशस्त्रक्रियेत नाकाच्या आतून, किंवा नाकपुड्यांच्या मधल्या खांबावर लहानसा छेद घेऊन, हाड कापून बसविले जाते, कूर्चा छाटली जाते, आणि गरज पडल्यास पडद्याची, कानाची वा बरगडीची कूर्चा आणून बसविली जाते. उंचवटा फाजील उतरविला आणि आतील झडपेला आधार दिला नाही, तर नाक सुरेख दिसते आणि श्वास कोंडतो. म्हणून श्वासाची तपासणी आधी व्हावी, आणि ‘या बदलाने माझ्या श्वासावर काय परिणाम होईल?’ या प्रश्नाचे उत्तर शल्यविशारदाने स्पष्ट शब्दांत द्यावे. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पडद्याला छिद्र पडणे, शेंड्याची बधिरता, दोन्ही बाजूंत उरलेली असमानता आणि भुलीचे धोके यांचीही चर्चा तितक्याच स्पष्टपणे व्हायला हवी.

काळाचा हिशेबही ध्यानात ठेवावा. मुलींच्या नाकाची वाढ साधारणतः पंधराव्या-सोळाव्या वर्षी आणि मुलांच्या नाकाची त्यानंतर एक-दोन वर्षांनी पूर्ण होते. त्याआधी सौंदर्यासाठी शस्त्र लावू नये. धूम्रपान निदान महिनाभर आधी बंद करावे. ॲस्पिरीनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या औषधांबद्दल, तसेच काढे आणि पूरक गोळ्यांबद्दलही वैद्याला आधीच सांगावे, आणि हृदयविकारासाठी घेतलेले औषध स्वतःच्या मनाने थांबवू नये. साच्याची पट्टी सुमारे आठवडाभर राहते, डोळ्यांखालचा काळसरपणा दोनेक आठवड्यांत ओसरतो, चष्म्याचा भार काही आठवडे नाकावर पडू द्यायचा नसतो. शेंड्याची सूज मात्र पुरती जायला वर्ष लागते, आणि आपल्याकडे सामान्यतः आढळणाऱ्या जाड त्वचेत याहूनही अधिक. याच जाड त्वचेमुळे सांगाड्यावर कोरलेली रेखीवता वर तितकीशी उमटत नाही. म्हणून पडद्यावरच्या नटीचे छायाचित्र पुढे करून ‘असे नाक हवे’ म्हणणाऱ्याला, ते आपल्या चेहऱ्यावर का येणार नाही, हे समजावून सांगणारा वैद्य भेटला तर ते त्याचे भाग्य समजावे. कुशल हातांनी केलेल्या शस्त्रक्रियांपैकीही शंभरांत पाच ते पंधरा रुग्णांना दुरुस्तीची दुसरी शस्त्रक्रिया लागते, असे सामान्यतः मानले जाते. ती वर्षभर थांबूनच करायची असते, पहिलीपेक्षा अवघड असते, आणि तिचा खर्च कोणी करायचा हे पहिल्या शस्त्रक्रियेआधीच कागदावर ठरलेले बरे.

शस्त्राची भीती वाटणाऱ्यांपुढे हल्ली ‘विनाशस्त्र’ उपाय ठेवला जातो: सुईने नाकात फिलर भरायचे आणि अर्ध्या तासात घरी जायचे. या सोपेपणावर विसंबणे घातक आहे. नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात, आणि द्रव्य चुकून वाहिनीत शिरले तर त्वचा मरते, क्वचित कायमचे अंधत्वही येते. चेहऱ्यावर फिलर भरण्याच्या जागांत नाक ही सर्वांत धोक्याच्या जागांपैकी एक आहे. असे द्रव्य ब्युटी पार्लरमध्ये, किंवा अपघात घडल्यास तत्क्षणी उतारा देण्याची तयारी नसलेल्या जागी, कोणीही टोचून घेऊ नये.

वैद्याची पारख त्याच्या फलकावरून होत नाही. प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. वा डी.एन.बी. ही पदवी, किंवा नाक-कान-घसा शास्त्रातील पदव्युत्तर पदवी आणि नासिकाशस्त्रक्रियेचा प्रत्यक्ष अनुभव पाहावा. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणी क्रमांक पडताळावा. भूल कोण देणार आणि अतिदक्षतेची सोय कोठे आहे, हे विचारावे. जाहिरातींतून रुग्ण गोळा करणे हे 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांना धरून नाही, हे लक्षात ठेवले म्हणजे समाजमाध्यमांवरील ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या चित्रांचे वजन आपोआप कमी होते. संमतिपत्र हा रुग्णाच्या हक्काचा दस्तऐवज आहे. क्रियेचे स्वरूप, धोके आणि पर्याय समजावून घेतलेली संमतीच खरी, आणि एका क्रियेची संमती दुसरीला लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात 2008 साली स्पष्ट केले आहे. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे तर 1995 पासून ठरलेलेच आहे. विमा कंपन्या मात्र केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च देत नाहीत, आणि वैद्यकीय सेवांना असलेली वस्तू व सेवा कराची माफीही तिला मिळत नाही. अपघाताने वा जन्मतः आलेल्या व्यंगाची गोष्ट निराळी. कर्ज काढून हे करू पाहणाऱ्याने नाकापेक्षा मोती जड होत नाही ना, याचा हिशेब आधीच करावा.

इतके सारे समजून घ्यायचे तर वेळ लागतो, आणि नेमका तोच या व्यवहारात रुग्णाला मिळत नाही. फ्रान्समध्ये सौंदर्यशस्त्रक्रियेचे लेखी अंदाजपत्रक रुग्णाच्या हाती दिल्यापासून निदान पंधरा दिवस शस्त्रक्रिया करता येत नाही. रुग्णाने स्वतः विनंती केली तरीही ही मुदत कमी होत नाही. आपल्याकडेही शासनाने आणि वैद्यक परिषदेने अशीच सक्तीची मुदत घालून द्यावी, आणि त्या मुदतीत कोणत्याही रकमेचा भरणा घेण्यास मनाई असावी. यात प्रामाणिक शल्यविशारदाचे काहीच नुकसान नाही, कारण त्याचा समंजस रुग्ण पंधरा दिवसांनीही परत येईल. नुकसान होईल ते घाईवर जगणाऱ्या धंद्याचे. तसा नियम होईपर्यंत ही मुदत प्रत्येकाने स्वतःलाच घालून घ्यावी, त्या काळात दुसऱ्या एका तज्ज्ञाचे मत घ्यावे, आणि ‘या आठवड्यात रक्कम भरल्यास सवलत’ असे जेथे ऐकावे लागेल तेथून उठून यावे. आपल्या निरोगी अवयवाविषयी विचार करायला ज्याला पंधरा दिवस देववत नाहीत, त्याच्या हाती तो अवयव देण्याचे कारण नाही.