अनोळखी बाकावर

दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा आठवडा अनेक देशांतल्या मंडळ्या ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थनेसाठी राखतात. आपल्याकडे एखादी संयुक्त सभा होते आणि रविवारी जो तो पुन्हा आपल्या ठरलेल्या बाकावर. वाचकांना कळकळीची विनंती : यंदा एका रविवारी दुसऱ्या पंथाच्या चर्चमध्ये उपासनेला जा.

अवघडल्यासारखं होईल. रेव्हरंड टिळकांची भजनं म्हणत वाढलेल्या प्रॉटेस्टंट माणसाला मिस्सामध्ये कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे, कळत नाही. कम्युनियनला शेजारचे उठून रांगेत जातात, आपण बसून राहतो. कॅथलिक नियमानुसार ते सहसा कॅथलिकांनाच दिलं जातं. हे बसून राहणं बोचतं. बोचू द्यावं. मंडळीतली फूट पुस्तकातून कळत नाही इतकी त्या दहा मिनिटांत कळते, आणि ऐक्यासाठीची आपली प्रार्थना तिथे खरी होते.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्यांनी मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केलं. तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणारे आणि तो प्रौढांनाच देणारे, दोघेही त्यात आले. त्याची बोलणी १९२९ मध्ये सुरू झाली होती. एवढा धीर त्या पिढ्यांनी धरला. आपल्याला एक सकाळ जड वाटू नये.

मुलांनाही सोबत न्या. उपासना संपल्यावर लगेच निघू नका, तिथल्या पाळकांना किंवा फादरांना भेटा, आणि त्यांना आपल्याकडे बोलवा.