दोघांच्या संवादात तिसरा हवा

किशोरवयीन मुलांना फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर विनामोबदला मार्गदर्शन करणे हे आता नवलाईचे राहिलेले नाही. पुण्यातला अभियंता नंदुरबारच्या मुलीला गणित समजावून देतो, परदेशात स्थायिक झालेली मराठी डॉक्टर लातूरच्या मुलाशी नीटच्या तयारीबद्दल बोलते. शिकवणीत दोघांच्या मध्ये विषय असतो. मार्गदर्शनात मात्र मूल हळूहळू स्वतःबद्दल बोलू लागते: घरातले वाद, परीक्षेची धास्ती, बारावीनंतर काय करायचे. तेरा ते सतरा या वयात आईवडिलांपेक्षा बाहेरच्या मोठ्या माणसाचे बोलणे अधिक पटते. या कामाचे मोल त्यातच आहे आणि धोकाही त्यातच.

मार्गदर्शक सज्जन आहे, एवढ्यावर मुलाची सुरक्षितता सोडून देता येत नाही. वाईट हेतूने जवळ येणारा माणूसही सुरुवातीला सज्जनासारखाच वागतो. तो कौतुक करतो, वेळ देतो, अडचण ऐकून घेतो आणि मग बोलणे इतरांच्या नजरेआड नेतो. पहिले काही आठवडे या दोघांतला फरक ओळखणे मुलाला जवळजवळ अशक्य असते, पालकांनाही कठीण जाते. फरक उघड होतो तो नजरेआड नेण्याच्या त्या टप्प्यावर. म्हणून या क्षेत्रातले बहुतेक नियम एकाच गोष्टीसाठी असतात: दोघांचा संवाद तिसऱ्या जबाबदार माणसाला केव्हाही पाहता आला पाहिजे.

दिल्ली सरकारने ऑक्टोबर 2021 मध्ये ‘देश के मेंटॉर’ ही योजना सुरू केली. 18 ते 35 वयाच्या तरुणांनी सरकारी शाळांतल्या नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांशी नियमित फोनवर बोलून त्यांना पुढची दिशा दाखवावी, अशी ती कल्पना होती. मार्गदर्शकांची मानसशास्त्रीय चाचणी होई आणि मुलींना स्त्री, मुलांना पुरुष मार्गदर्शक देण्याची काळजी घेतली होती. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने तरीही हरकत घेतली. पोलीस पडताळणी झालेली नाही, चाचणी पुरेशी नाही, समान लिंगाची जोडी लावल्याने अत्याचाराची शक्यता संपत नाही आणि संवाद फोनपुरता ठेवल्यानेही ती संपत नाही, असे आयोगाचे म्हणणे होते. त्रुटी दूर होईपर्यंत योजना थांबवावी, असे आयोगाने दिल्ली सरकारला कळवले. या वादाला राजकारणाची किनार होती हे खरे, पण आक्षेप बिनतोड होते.

लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या 2020 च्या नियमांनी मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांवर आपल्या कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करण्याचे बंधन घातले आहे. स्वयंसेवकाला पगार मिळत नाही म्हणून त्याला यातून सूट देण्यात काहीच अर्थ नाही. पडताळणीचीही मर्यादा आहे, ती आधी पकडला गेलेला माणूसच दाखवते. त्यामुळे ओळखीच्या दोघांशी बोलणे, प्रत्यक्ष मुलाखत, पहिल्या काही कॉलना संस्थेच्या समन्वयकाने हजर राहणे, हे सगळे तितकेच गरजेचे. जी संस्था नाव नोंदवल्याच्या संध्याकाळीच मुलाचा नंबर हाती देते, तिच्यासाठी काम करू नये.

उघड्यावर बोलण्याची रीत कशी असते याचा चांगला नमुना संगणक क्षेत्रात सापडतो. 2010 पासून 2019 पर्यंत दरवर्षी ‘गूगल कोड-इन’ ही स्पर्धा होत असे. 13 ते 17 वयाची मुले मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर बनवणाऱ्या संस्थांची छोटी कामे करत आणि त्या संस्थांचे स्वयंसेवक ती तपासत. मूल एका खंडात, तर मार्गदर्शक दुसऱ्या खंडात. मुक्त-स्रोत जगात प्रश्न चारचौघांत विचारायचा आणि उत्तरही चारचौघांत द्यायचे, अशी पद्धत आधीपासून आहे. कामातली चूक, तिची दुरुस्ती, शाबासकी, सगळे इतरांना वाचता येते. स्पर्धेचे मोठे बक्षीस गूगलच्या कॅलिफोर्नियातल्या मुख्यालयाची सहल हे होते आणि त्या सहलीला मुलाबरोबर पालकही जात.

आपल्याकडे हा संवाद व्हॉट्सॲपवर चालतो आणि तिथे घोळ होतो. मूल लगेच म्हणते, “दादा, ग्रुपवर नको, तुमचा नंबर द्या ना.” नंबर देऊ नये. संस्थेचे ॲप नसेल तर समन्वयक सामील असलेला तिघांचा गट करावा आणि मूल वैयक्तिक खात्यावर आले तर उत्तर गटातच द्यावे. इन्स्टाग्रामवर एकमेकांना फॉलो करणे, आपोआप पुसले जाणारे संदेश, रात्री उशिराच्या गप्पा, हे सगळे टाळायचे. व्हिडिओ कॉल ठरलेल्या वेळी आणि घरातल्या मोठ्या माणसाला माहीत असताना व्हावा. रिचार्जचे पैसे, भेटवस्तू, परस्पर ठरवलेली भेट यांना थेट नकार द्यावा. खरी गरज असेल तर मदत संस्थेमार्फत पोचते.

गावाकडच्या मुलांबाबत एक गोष्ट शहरातल्या मार्गदर्शकाच्या ध्यानात येत नाही. मुलीच्या हातातला फोन बहुधा तिचा नसतो. तो वडिलांचा किंवा थोरल्या भावाचा असतो आणि आलेला संदेश आधी तेच वाचतात. रात्री अकराला आलेला साधा “कशी आहेस?” सुद्धा तिचे शिक्षण बंद पाडायला पुरेसा ठरू शकतो. तिने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीचा संदेशात उल्लेख आला, तर ती गोष्ट घरभर होते. म्हणून फोन कुणाचा आहे, केव्हा मोकळा असतो, कोण वाचतो, हे पहिल्याच कॉलमध्ये विचारून घ्यावे. नाजूक विषय लिहून नव्हे, बोलूनच हाताळावा.

वयाच्या बाबतीत सवलत नाही. पॉक्सो कायद्यानुसार 18 वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि लैंगिक संबंधांबाबत तिची संमती कायदा ग्राह्य धरत नाही. वीस वर्षांच्या मार्गदर्शकाला सतरा वर्षांची मुलगी बरोबरीची वाटू शकते. कायद्याच्या आणि या नात्याच्या दृष्टीने ती बरोबरीची नसते. ओढ निर्माण होतेय असे जाणवताच, ती कोणाच्याही बाजूने असो, समन्वयकाला सांगून जोडी बदलून घ्यावी.

सर्वांत अवघड क्षण येतो तो मूल म्हणते तेव्हा, “ताई, एक सांगू? पण कुणाला सांगणार नाही ना?” इथे माया दाखवण्याच्या भरात वचन दिले जाते आणि पुढे ते मोडावे लागते. वचन द्यायचेच नाही. “तू बोलतेयस ते बरं करतेयस. तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुला त्रास देत असेल, तर मला एका जबाबदार माणसाला सांगावंच लागेल. कुणाला सांगायचं ते आपण आधी बोलू.” एवढे ऐकूनही मुले बोलतात, कारण त्यांना फसवले जात नाही. मग ऐकून घ्यावे, खोदून चौकशी करू नये आणि मुलाचे शब्द तारीख-वेळेसह जसेच्या तसे लिहून ठेवावेत.

लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले किंवा होण्याची धास्ती वाटली, तर पॉक्सोच्या कलम 19 नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. गप्प राहणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. समन्वयकाला सांगितले म्हणजे आपले काम संपले, असे मार्गदर्शकाने धरू नये; तक्रार नोंदली गेली का, हे विचारावे. त्रास देणारा घरातलाच असेल तर घरी आधी फोन करणे घातक ठरते. अशा वेळी 1098 ही बालक मदतवाहिनी पहिली.

कुणी मुलाचे खासगी फोटो पसरवण्याची धमकी देत असेल, तर पुरावा म्हणूनही तो फोटो स्वतःकडे मागवू नये, साठवू नये, पुढे पाठवू नये. असे साहित्य जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे. मुलाला धमकीचे संदेश न पुसण्यास सांगावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करायला मदत करावी. पैसे उकळले गेले असतील तर 1930 वर तातडीने फोन करावा. ‘टेक इट डाउन’ या सेवेत फोटो मुलाच्या फोनमधून बाहेर न जाता त्याचा केवळ डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी समाजमाध्यमे त्यावरून तो फोटो शोधून काढून टाकू शकतात. या मुलांना सर्वाधिक छळते ती लाज. तुझी चूक नाही, हे त्यांना आधी आणि अनेकदा सांगावे लागते.

मूल जगणे नको असल्याचे बोलले तर विषय बदलू नये. जीव द्यायचा विचार मनात येतोय का, असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार बळावतो, हा गैरसमज आहे. मूल कुठे आहे, जवळ कोण आहे, हे जाणून घ्यावे, कॉल चालू ठेवावा आणि दुसऱ्या फोनवरून समन्वयकाला गाठावे. धोका तात्काळ असेल तर 112. समुपदेशनासाठी टेलि-मानसचा 14416 आहे, तिथे मराठीतही बोलता येते. स्वयंसेवकाने स्वतः उपचारक होऊ नये. अशा कॉलनंतर त्यालाही कुणाशी तरी बोलायची गरज असते आणि ती सोय संस्थेने करायला हवी.

मार्गदर्शनाचा शेवटही ठरलेला असावा. मुदत मुलाला सुरुवातीलाच सांगावी आणि शेवटच्या दोन-तीन कॉलमध्ये पुन्हा आठवण करून द्यावी, कारण अचानक गायब झालेला दादा आधीच एकट्या असलेल्या मुलाला फार लागतो. पुढे संपर्क ठेवायचा असेल तर तो संस्थेला आणि पालकांना माहीत असावा. नोंदी समन्वयकाकडे द्याव्यात आणि फोनमध्ये राहिलेला नंबर, गुणपत्रिका, फोटो पुसून टाकावेत.