बाळंतपणाला इमारत दिली, सुईण काढून घेतली

भूम तालुक्यातल्या ईटच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा विषय निघाला की पुढारी इमारतीबद्दल बोलतात. रंगरंगोटी, कंपाउंड, बोअर, रुग्णवाहिका. रात्री दोन वाजता कळा घेऊन आलेल्या पहिलटकरणीजवळ सकाळपर्यंत कोण बसतं, हे विचारताना मी अजून कुणालाही ऐकलेलं नाही. भूमला नाही, धाराशिवला नाही, मतं मागायला येणाऱ्यांच्या तोंडून तर नाहीच. मी विचारते आहे. बाळंतपणात बाईचा जीव वाचतो तो आधी जवळ बसलेल्या जाणत्या हातांमुळे. आणि नेमकी तीच जागा आपल्या आरोग्यखात्यानं पन्नास वर्षं पोखरत आणली आहे.

लगेच आकडे तोंडावर फेकले जातील, म्हणून तेही घेते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. २०१८-२० मध्ये राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशात ९७. हे यश खरं आहे आणि ते आशाताईंच्या पायपिटीचं आहे. पण केरळात माता दगावण्याचा हाच आकडा १९ होता. आणि ९४.७ या आकड्यात बाई दवाखान्याच्या दारातून आत गेली, एवढंच लिहिलेलं असतं. आत तिचं काय होतं, ते कोणत्याच फॉर्मवर येत नाही.

ते मी सांगते. तिला उताणी झोपवतात, पाय वर बांधल्यासारखे ठेवतात. आई नाहीतर सासू दाराबाहेर उभी. कळा मंद वाटल्या की सलाईनमधून इंजेक्शन, उशीर होतोय असं वाटलं की पोटावर दाब, आणि पहिलटकरीण असेल तर न विचारता काप आणि टाके. ओरडली तर ऐकून घ्यायचं, तेही अशा भाषेत की बायका वर्षानुवर्षं ते कुणाला सांगत नाहीत. सगळीकडे असंच होतं असं मी म्हणत नाही. पण चार बायांना एकांतात विचारा, दोघी तरी हेच सांगतील. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये स्वच्छ लिहिलं आहे : बाईला हव्या त्या स्थितीत बाळंत होऊ द्या, तिच्या पसंतीचं माणूस जवळ असू द्या, सरसकट काप घेऊ नका, पोट दाबू नका, पिशवीचं तोंड ताशी एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे असा धोशा लावू नका. सोबतीची परवानगी तर आपल्याच केंद्र सरकारनं २०१६ मध्ये दिली. कागद वर्षानुवर्षं पडून आहेत आणि सासू अजून दाराबाहेरच आहे.

आता जुन्या सुइणीचे गोडवे गाणाऱ्यांना. मला त्यांचाही तितकाच राग येतो. विळ्यानं नाळ कापलेली, धनुर्वातानं सहाव्या-सातव्या दिवशी गेलेली लेकरं याच मातीत पुरली आहेत. वार अडकून रक्त गेलेल्या बाया बैलगाडीतच संपल्या. आणि सुईण कोण असायची? बहुतेक वेळा गावकुसाबाहेरची बाई. नाळ कापणं, वार पुरणं विटाळाचं, म्हणून ते तिनं करायचं. पायलीभर ज्वारी आणि खण घेऊन मागच्या दारानं जायचं. तिच्या हातातलं कसब वापरलं आणि तिला शिकवायची गरज कुणालाही वाटली नाही. गोडवे गाणाऱ्यांनी आधी याचा हिशेब द्यावा.

तिला शिकवलं तर काय होतं, हे आमच्यापासून हाकेच्या अंतरावर सिद्ध झालं आहे. ईटहून खर्डा ओलांडलं की जामखेड. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथं आले. त्यांनी गावागावांतून बाया निवडल्या, कित्येक निरक्षर, कित्येक दलित. दर आठवड्याला त्यांना केंद्रावर बोलावून शिकवलं : गरोदर बाईला कसं तपासायचं, साधं बाळंतपण स्वच्छ हातांनी कसं करायचं आणि धोका दिसला की वेळेत वर कसं पाठवायचं. ज्यांच्या सावलीचा विटाळ होता त्यांच्या हातावर गावानं विश्वास ठेवला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे लोक शिकायला जामखेडला येऊ लागले. आमच्या जिल्ह्यातही अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारींनी गावातल्या बायांना ‘भारतवैद्य’ म्हणून उभं केलं. म्हणजे नमुना परदेशातून आणायचा नव्हता. तो शेजारच्या तालुक्यात होता, आणि सरकारनं तिथं फक्त सत्कार केले.

आता सरकारनं स्वतः काय केलं ते ऐका. एएनएम, म्हणजे सहाय्यक परिचारिका प्रसाविका, हे पद स्वातंत्र्यानंतर उभं राहिलं ते मुळात माता आणि बाळंतपणासाठी. प्रशिक्षण दोन वर्षांचं. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीनं तिला बहुउद्देशीय कार्यकर्ती करायला सांगितलं. १९७७ मध्ये अभ्यासक्रम अठरा महिन्यांवर आणला आणि त्यात बाळंतपणाचा वाटा आकसला. मग तिच्या गळ्यात काय काय अडकवलं? नसबंदीच्या केसेसचं टार्गेट, लसीकरण, हिवतापाचे रक्तनमुने, सर्वेक्षणं, रजिस्टरं, आता ऑनलाइन नोंदी. आमच्या आरोग्यसेविकेचा दिवस रकाने भरण्यात जातो. पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र धरायचं आणि तिथल्या बाईला बाळंतपण सोडून सगळं करायला लावायचं. तिला बाळंतपणाची भीती वाटू लागली तर दोष तिचा नाही. ज्या हातांना सराव नाही ते हात चिठ्ठीच लिहिणार : ‘पुढे पाठवले’. आणि पुढे म्हणजे भूम, भूमहून बार्शी नाहीतर धाराशिव, आणि प्रत्येक ठिकाणी नवा चेहरा, नवं रजिस्टर, पुन्हा पहिल्यापासून तपासणी.

श्रीलंकेत साधारण तीन-चार हजार वस्तीमागे एक प्रशिक्षित सुईण असते, आणि तिचं मुख्य काम गरोदर बाई, बाळंतीण आणि बाळ हेच. श्रीमंत नव्हता तो देश हे करू लागला तेव्हा.

यातही आमच्या भागाचं दुखणं वेगळं आहे, आणि ते मुंबईत बसून योजना लिहिणाऱ्यांच्या डोक्यात कधी शिरलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे नऊपैकी सहा-सात महिने एका सिस्टरनं तपासायचं आणि ऐन वेळी दुसऱ्याच तालुक्यातल्या अनोळखी सिस्टरनं सोडवायचं. त्यात बालाघाटच्या या पट्ट्यातल्या कोयत्याच्या, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या बाया. दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड उचलून कारखान्यावर जायचं, सातव्या-आठव्या महिन्यातही मोळी उचलायची, कळा फडात सुरू होणार. तिचं माता-बाल कार्ड इथलं, तिची कोपी पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. शेजारच्या बीडमध्ये २०१९ च्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. ज्या बाईला अंगावरून जातं म्हटल्यावर ऐकून घेणारं, तपासणारं, धीर देणारं माणूसच भेटत नाही, तिला शेवटी चाकूच भेटतो.

चाकूचा हिशेब तर उघड आहे. त्याच राष्ट्रीय पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांत १०० पैकी ४७.४ बाळंतपणं सिझरनं झाली, सरकारीत १४.३. बाईचं शरीर दाराची पाटी बघून बदलत नाही. बदलतं ते बिल, आणि डॉक्टरच्या वेळेची किंमत. सिझर जीव वाचवतं, ज्या बाईला ते लागतं तिला ते तासाभरात मिळालंच पाहिजे. पण कळा सोसणाऱ्या बाईजवळ बारा तास बसायला कुणाला वेळ नाही म्हणून पोट कापणं, ही लूट आहे.

सुईण बारा तास बसते, तो तिचा पेशाच आहे. १५ चाचण्या आणि १७,६७४ बाया यांचा २०१६ चा आढावा सांगतो की ओळखीच्या सुइणीनं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांभाळलेल्या बायांमध्ये अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं, चिमटे आणि काप कमी होतात. रक्तस्रावाचंही तसंच. २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या ८० रुग्णालयांच्या चाचणीचा निकाल आला. त्यातल्या निम्म्या ठिकाणी बाईखाली रक्त मोजणारी साधी पिशवी लावली, जास्त दिसलं की सगळे उपचार एकदम सुरू केले. तिथं गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी कमी होते. यंत्र लागलं नाही. लागली ती खाटेजवळ थांबून लक्ष ठेवणारी आणि उपचार सुरू करायचा अधिकार असलेली माणसं.

केंद्र सरकारला हे कळत नाही असंही नाही. २०१८ च्या डिसेंबरात मार्गदर्शिका निघाली : अनुभवी परिचारिकांना अठरा महिने शिकवून त्यांच्या हाती साधी बाळंतपणं द्यायची. २०२३ मध्ये परिचर्या आणि प्रसाविका आयोगाचा कायदाही झाला. पण या शिकवलेल्या परिचारिकांची केंद्रं कुठं उभारायची? जिथं बाळंतपणांची गर्दी आहे अशा मोठ्या रुग्णालयांत. म्हणजे ईटची बाई पुन्हा गाडीत. इथं बाळंतपणं कमी होतात म्हणून सुईण द्यायची नाही, आणि सुईण नाही म्हणून इथं बाळंतपणं होत नाहीत. या चक्राला धोरण म्हणायला मी तयार नाही.

येत्या ग्रामसभेत बायांनी हा ठराव मांडावा. ईटच्या केंद्रात पाळीपाळीनं चोवीस तास प्रशिक्षित प्रसाविका. त्यांच्याकडे लसीकरणाचं, सर्वेक्षणाचं, निवडणुकीचं कोणतंही काम नाही. रक्तस्रावावर औषध सुरू करायचा लेखी अधिकार. गुंतागुंत दिसली तर रुग्णवाहिकेत बाईबरोबर तीच प्रसाविका, आणि निघण्याआधी पुढच्या दवाखान्याला फोन. सोबतीच्या बाईला आत जागा. कारखान्यावर जाणाऱ्या गरोदर बायांची यादी दिवाळीआधी, आणि त्या कारखान्याजवळच्या केंद्राशी बोलणं आपल्याच सिस्टरनं करायचं. ठराव मराठीत लिहा, सह्या-अंगठे घ्या, जिल्हा परिषदेच्या आवकमध्ये नोंदवून पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर ती पोच घेऊन आपण सगळ्याजणी धाराशिवला जाऊ, गरोदर बाया सोडून.