रुळणे म्हणजे विसरणे नव्हे

मेलेली माणसे उठून जिवंत माणसांना खाऊ लागतात, असल्या गोष्टींना आपल्याकडची शहाणी माणसे नाके मुरडतात. मीही मुरडीत असे. परंतु गेल्या सुट्टीत एका मैत्रिणीच्या आग्रहाखातर ‘द वॉकिंग डेड’ ही अमेरिकन मालिका पाहावयास बसले आणि तिच्यातील एका प्रश्नाने मला अद्याप सोडलेले नाही. तो प्रश्न मेलेल्यांचा नाही, वाचलेल्यांचा आहे.

रॉबर्ट कर्कमन याने २००३ साली सुरू केलेल्या चित्रकथेवरून ही मालिका निघाली आणि २०१० ते २०२२ अशी बारा वर्षे चालली. झॉम्बींनी जग व्यापले आहे. सरकार, पोलीस, दवाखाने सारेच कोसळले आहे. रिक ग्राइम्स हा पूर्वीचा पोलीस आपल्या सोबत्यांसह रानोमाळ भटकतो आहे. पाचव्या पर्वात ही मंडळी वॉशिंग्टनजवळच्या अलेक्झांड्रिया नावाच्या वस्तीत येऊन पोहोचतात. भोवती पोलादी तट, आत टुमदार घरे, दिवे, नळाला गरम पाणी! वस्तीची प्रमुख डिअ‍ॅना ही पूर्वी अमेरिकेच्या काँग्रेसची सभासद होती. तिच्या अटी साध्या आहेत: आत असताना हत्यारे जमा करा, नेमून दिलेले काम करा आणि आमच्यातले व्हा.

कोणालाही वाटावे, सुटली बिचारी! पण घडते वेगळेच. राहावयास दोन घरे मिळूनही पहिल्या रात्री सारी एकाच खोलीत, एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात झोपतात. साशा या तरुणीला मेजवानीत एक बाई तिचा आवडता पदार्थ विचारते. आपण चुकून तिचा नावडता पदार्थ करू, अशी त्या बाईला काळजी! साशा तिच्यावर उसळते. कॅरल भोळ्या गृहिणीचे सोंग घेऊन बिस्किटे भाजते आणि रात्री शस्त्रागारातून पिस्तुले चोरते.

हे पाहून कोणी म्हणेल, ही माणसे रानटी झाली. यांना माणसांत राहणे जमायचे नाही. काही अंशी ते खरेही आहे. परंतु याच ‘रानटी’ माणसांना एक गोष्ट दिसते. वस्तीतील डॉक्टर पीट आपली पत्नी जेसी हिला मारहाण करतो. कॅरलला हे चटकन उमगते, कारण तिने स्वतः नवऱ्याचा मार खाल्लेला आहे. रिक तक्रार घेऊन डिअ‍ॅनाकडे जातो, तेव्हा कळते की तिला हे आधीपासूनच ठाऊक होते! पण पीट शस्त्रवैद्य. त्याच्यावाचून वस्तीचे चालणार कसे?

येथेच माझ्या मते या कथेचे मर्म आहे. तटाच्या आत सारे सुरक्षित होते. फक्त एका घरात एक बाई सुरक्षित नव्हती, आणि बाकीच्यांनी तिकडे न पाहण्याची सवय करून घेतली होती. या सवयीलाच ती मंडळी ‘आमच्यातले होणे’ म्हणत असावीत काय?

रिकचे सारेच बरोबर होते, असे मी म्हणणार नाही. भर रस्त्यात पीटशी हाणामारी करून जमलेल्या लोकांवर तो पिस्तूल रोखतो. रानातला न्याय घरात आणला की घराचेच रान होते. अखेर त्याचीच सोबतीण मिशॉन त्याला ठोसा मारून आडवा करते, हे योग्यच झाले. पण हात चुकला म्हणून डोळेही चुकले, असे होत नाही.

आपल्या मराठीत ‘रुळणे’ असा एक शब्द आहे. लग्न होऊन मुलगी सासरी गेली की दोन महिन्यांत शेजारीपाजारी आईला विचारतात, “रुळली का हो?” आई म्हणते, “हो, आता काही तक्रार नाही.” तक्रार थांबली म्हणजे दुःख थांबले, असा हिशेब आपण किती सहज मांडतो! २००५ साली आपल्या देशात कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा कायदा झाला, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु शेजारच्या भिंतीतून आवाज ऐकू येत असताना आपण रेडिओ मोठा करणार असू, तर कायद्याने तरी काय करावे?

नवे माणूस घरात येवो, वसतिगृहात येवो वा गावात येवो, त्याने थोडे बदलावे, हे मला मान्य आहे. त्याने पिस्तूल दाराशी ठेवावे. पण डोळेही तेथेच ठेवून आत यावे, असे मात्र कोणी म्हणू नये. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, यंदा वसतिगृहात नव्याने आलेल्या मुलीला “रुळलीस का?” असे विचारण्याऐवजी “तुला इथले काय खटकले?” असे विचारून पाहू या. उत्तर कडू असेल. ते ऐकून घेण्याइतका मात्र आपला तट भक्कम हवा.