घर नवे, आकारणीही नवी

पुण्याच्या पेठांत किंवा एरंडवणे, कोथरूडसारख्या नंतर वाढलेल्या भागांत जुने घर पाडून त्याच जागी नवे बांधायचे ठरले, की पहिली चौकशी बांधकामाच्या चौरस फुटाच्या दराची होते आणि त्या दराला क्षेत्रफळाने गुणले की खर्च कळला, असे घरातले सगळे धरून चालतात. नकाशा मंजूर करून घेताना भरावी लागणारी शुल्के या गुणाकारात नसतात, पण ती निदान एकदाच भरायची असतात. नव्या घरावर दरवर्षी येणारा मिळकतकर मात्र घर उभे असेपर्यंत भरावा लागतो, आणि नेमका त्याचा आकडा बांधकाम सुरू करण्याआधी क्वचितच कोणी विचारतो. जुन्या घराला कर कमी होता म्हणून नव्यालाही फार तर थोडा जास्त येईल, हा समज चुकीचा आहे, कारण कमी कराचा लाभ जुन्या इमारतीला चिकटलेला असतो आणि ती पाडली की तोही संपतो.

असे का होते, हे आकारणीच्या पद्धतीत दडलेले आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार मिळकतकराचा पारंपरिक पाया म्हणजे करयोग्य मूल्य. मिळकत भाड्याने दिली असता वर्षाला वाजवीपणे जेवढे भाडे यावे, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केल्यावर उरणारी ही रक्कम असते. मालक स्वतः राहत असला तरी भाडे आले असते असे कल्पूनच हिशेब होतो. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाड्याला प्रमाण भाड्याची, म्हणजे कायद्याने मान्य केलेल्या कमाल भाड्याची मर्यादा घातली आणि १ सप्टेंबर १९४० रोजी घर ज्या भाड्याने दिलेले होते ते भाडे त्यासाठी आधार धरले. पुढे दिल्लीतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये स्पष्ट केले, की भाडे नियंत्रण लागू असलेल्या ठिकाणी करासाठी कल्पिलेले भाडेही प्रमाण भाड्यापेक्षा जास्त असू शकत नाही. भाडे गोठले आणि त्याबरोबर करही गोठला. वाड्यांच्या दुरुस्तीला पैसा उरला नाही तोही याच गोठलेल्या भाड्यामुळे. त्यामुळे ज्या कारणाने वाडा मोडकळीस येऊन पाडावा लागतो, त्याच कारणाने त्याचा कर इतकी वर्षे नगण्य राहिलेला असतो.

फरक किती पडतो, हे केवळ समजुतीसाठी धरलेल्या आकड्यांनी पाहता येईल. जुन्या घराचे गृहीत भाडे महिना ५० रुपये असेल, तर वर्षाचे ६०० रुपये होतात आणि १० टक्के वजा जाता करयोग्य मूल्य ५४० रुपये राहते. त्याच जागी १,००० चौरस फुटांचे नवे घर झाले आणि त्या भागासाठी ठरलेला गृहीत दर महिन्याला चौरस फुटामागे २ रुपये असला, तर वर्षाचे भाडे २४,००० आणि करयोग्य मूल्य २१,६०० रुपये, म्हणजे पूर्वीच्या चाळीसपट होते. कुटुंब तेच, रस्ता तोच, नळाला येणारे पाणीही तेवढेच. तरीही शेजारच्या न पाडलेल्या घराचे बिल आणि या घराचे बिल यांची तुलनाच होऊ शकत नाही. महापालिकेच्या सेवा दोन्ही घरांना सारख्याच मिळत असताना बांधकामाच्या वर्षावरून एवढी तफावत ठेवणारी पद्धत न्याय्य म्हणणे कठीण आहे. जुन्यांचे दर हळूहळू वाढवून नव्यांचे उतरवणे हा उपाय उघड आहे, पण मतदार जुन्या घरांतही राहतात.

पुण्यात या बोज्यावर एक उतारा आहे. मालक स्वतः राहत असलेल्या निवासी मिळकतीला गृहीत भाड्यात ४० टक्के सवलत देण्याची प्रथा १९७० पासूनची. मध्यंतरी ती काढून घेतली गेली आणि २०२३ मध्ये राज्य सरकारच्या निर्णयाने पुन्हा लागू झाली. वरच्या उदाहरणात ती मिळाल्यास करयोग्य मूल्य २१,६०० वरून १२,९६० रुपयांवर येते. जुन्या घराची सवलत नव्या घराला आपोआप लागू होईल असे मात्र गृहीत धरू नये. आपण स्वतः राहतो याच्या पुराव्यासह पीटी-३ या नमुन्यातील अर्ज द्यावा लागतो. नव्या घराचा एक मजला भाड्याने देऊन कर्जाचे हप्ते फेडायचा बेत असेल, तर तेवढ्या भागापुरती ही सवलत मिळत नाही, हेही आधीच हिशेबात धरलेले बरे.

मुंबईत १ एप्रिल २०१० पासून आकारणी भांडवली मूल्यावर, म्हणजे मिळकतीच्या बाजारभावाशी जोडलेल्या किमतीवर होते आणि ग्रामपंचायतींची घरपट्टीही २०१५ च्या अखेरीस झालेल्या दुरुस्तीनंतर त्याच धर्तीवर ठरते. या पद्धतीत घराचे वय आणि प्रकार उघडपणे मोजले जातात: वयानुसार घसारा मिळतो, आणि ग्रामपंचायत हद्दीत मातीच्या घराचा दर सर्वांत कमी तर आरसीसीचा सर्वांत जास्त असतो. त्यामुळे कोकणातले कौलारू घर उतरवून स्लॅबचे बांधणाऱ्याचा घसारा जातो, शिवाय वरच्या वर्गाचा दर लागतो.

एकदाच होणाऱ्या खर्चांपैकी पाडकाम हा खर्च काही वेळा उलटा फिरतो, कारण जुन्या सागवानी तुळया, खांब, दारे आणि घडीव दगड यांना गिऱ्हाईक असते आणि पाडकामाचा ठेकेदार त्यांच्या बदल्यात मालकालाच पैसे देतो. विटा-मातीचे साधे घर असेल, तर मात्र राडारोडा वाहून नेण्याचेच पैसे द्यावे लागतात. नकाशा मंजूर होताना प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखालील विकास शुल्क येते, ते शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्याशी, म्हणजे रेडी रेकनरशी जोडलेले असते. बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर आहे. स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेल्या, ५० लाखांपर्यंत खर्चाच्या घराला तो लागत नाही. वस्तू व सेवा करात एक सूट सहसा दुर्लक्षित राहते: स्वतंत्र एकाच घरासाठी निव्वळ मजुरीचे कंत्राट दिले, तर मजुरीवर हा कर नाही, आणि तेच काम मालासह दिले तर पूर्ण रकमेवर लागतो. अर्थात सिमेंट, लोखंड स्वतः आणले तरी त्यांच्या किमतीत कर असतोच, त्यामुळे बचत होते ती मजुरीच्या भागापुरती. मालाची मोजदाद आणि राखण मात्र घरमालकाच्या अंगावर पडते.

पाडकाम झाल्याची लेखी सूचना महापालिकेच्या कर विभागाला देणे हे काम लहान आहे, पण ते राहिले तर जमीनदोस्त झालेल्या घराचा करही चालूच राहतो. सूचना दिल्यावर मोकळ्या जमिनीची आकारणी होते आणि घर पूर्ण झाल्यावर किंवा वापरात आल्यावर, यांपैकी जे आधी घडेल त्या वेळी, नव्या घराची. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम मंजुरीप्रमाणे झाल्याचा आणि राहायला हरकत नसल्याचा दाखला, मिळाले नाही म्हणून कर थांबत नाही. उलट मंजूर नकाशाबाहेर गच्चीवर एखादी खोली चढवलेली आढळली, तर महानगरपालिका अधिनियमातील कलम २६७अ नुसार त्या बांधकामावर मिळकतकराच्या दुप्पट शास्ती दरवर्षी लागू शकते, आणि ती नियमितपणे भरली तरी ती खोली कायदेशीर ठरत नाही.